विमानात पॉवर बँक पेटल्यावर क्रू तिच्यावर पाणी का ओततो

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. रात्रीचं विमान, तुमच्या दोन रांगा पुढे कुणाच्या तरी पायाशी ठेवलेल्या बॅगेतून धूर आणि मग क्रूची धावपळ. एकीने आग विझवायचा सिलिंडर मारला, ज्वाळा गेली, तुम्हाला वाटलं संपलं. तेवढ्यात दुसरीने त्यावर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करायला सुरुवात केली. तुम्ही विचारता, लिथियमवर पाणी टाकू नये हे तर शाळेत शिकवतात, मग यांना कुणी शिकवलं नाही का? ती वस्तू उचलून टॉयलेटमध्ये का नेली नाही? आणि इतकी धोक्याची वस्तू खालच्या सामानात न टाकता केबिनमध्येच न्यायला का लावतात? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की धूर दिसण्याच्या पाच-सात मिनिटं आधी तुम्हाला एक गोडसर वास आला होता, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा, पण बटण दाबायला संकोच वाटला. त्या वासाकडे मी शेवटी येते.

या तीन प्रश्नांच्या मागे मला एक चौथा प्रश्न दिसतो. ती माणसं गोंधळलेली होती, की काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं? तुम्ही सांगितलेला क्रम वाचून मी म्हणेन, ठाऊक होतं. मी एकोणीस वर्षं केबिन क्रू म्हणून उडले आणि त्यातली शेवटची आठ वर्षं नव्या मुलामुलींना आगीची ड्रिल शिकवली. तुम्हाला जो गोंधळ वाटला, तो बहुतेक त्या ड्रिलचाच क्रम होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. प्रत्येक विमान कंपनीचं स्वतःचं मॅन्युअल असतं आणि क्रू त्यालाच बांधलेला असतो. कुठे अग्निरोधक पिशवी असते, कुठे नसते. कुठे हॅलॉनचा, म्हणजे आग विझवणाऱ्या वायूचा जुना सिलिंडर असतो, कुठे त्याच्या जागी आलेला नवा पर्याय. त्यामुळे बारीकसारीक फरक दिसतील. मी सांगते आहे तो त्यामागचा विचार, आणि तो जवळपास सगळीकडे एकच आहे.

आधी शाळेतलं लिथियम. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर कसा सळसळत पेट घेतो, ते अनेकांनी पाहिलेलं असतं. लिथियम त्याच कुटुंबातलं, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पण ते झालं धातूच्या रूपातलं लिथियम. फोन, लॅपटॉप, पॉवर बँक यांत असते लिथियम-आयन बॅटरी. तिच्यात लिथियम आयनांच्या रूपात असतं, एका बाजूला ग्रॅफाइटच्या थरांत आणि दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडमध्ये सामावलेलं. चार्ज करताना ते एका बाजूला जातं, वापरताना दुसऱ्या. पाण्याशी झटापट करायला लागणारा धातूचा गोळा तिथे नसतो. धातुरूप लिथियम असतं ते एकदाच वापरून टाकायच्या सेलमध्ये, म्हणजे काही बटण-सेल, काही कॅमेऱ्यांचे सेल. तेही इतकं थोडं असतं की प्रवाशाच्या हातातल्या उपकरणासाठी क्रूची ड्रिल बदलत नाही. धुरात उभं राहून 'ही बॅटरी कोणत्या जातीची' हे शोधत बसावं लागत नाही, ही क्रूच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

मग त्या बॅटरीत पेटतं काय? दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो आणि सगळं एका ज्वलनशील द्रावणात भिजलेलं असतं. पडदा फाटला, दबला किंवा वितळला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि सेलच्या पोटातच शॉर्ट सर्किट होतं. कारणं अनेक असतात. बनवताना राहून गेलेला दोष, खाली पडून बसलेला मार, भलत्या चार्जरने केलेलं चार्जिंग, उन्हात तापलेली बॅग. साधारण १३० अंश सेल्सिअसला तो पडदा वितळू लागतो. त्यानंतर आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करतात, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होतात आणि हे चक्र बाहेरून कुणी न ढकलता फिरत राहतं. याला थर्मल रनअवे म्हणतात. तापमान काहीशे अंशांवर जातं. आतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर जळणारे वायू सुटतात, शिवाय हायड्रोजन फ्लोराइडसारखा घशाला आणि फुप्फुसाला जाळणारा वायूही. तुम्ही पाहिलेला पांढरा धूर म्हणजे बराचसा हाच ऐवज. तो दिसायला वाफेसारखा असतो, पण त्याला ठिणगी मिळाली तर तोही पेटतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॉवर बँकेत सेल एकटा नसतो. दोन असतील, सहा असतील. पहिला सेल जळताना शेजाऱ्याला तापवतो, मग शेजारी जातो, मग त्याचा शेजारी. यात काही मिनिटं जाऊ शकतात, आणि त्या मधल्या मिनिटांत ज्वाळा अजिबात दिसत नाही.

हे मला वर्गात शिकवलेलं होतं, तरी एकदा मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. उड्डाण करून तासभर झाला होता. मधल्या रांगेत सीटखालच्या बॅगेतून धूर, मग हातभर ज्वाळा. मी हॅलॉन मारला, ज्वाळा क्षणात गेली. मी मागे वळले आणि सहकाऱ्याला म्हणाले, "विझली, कॅप्टनला सांग." वाक्य पूर्ण व्हायच्या आत फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि ज्वाळा परत आली. दुसरा सेल होता. त्या वेळी माझ्या हातात पाणी नव्हतं, कारण मला वाटलं होतं काम झालं. पाणी यायला अर्धा मिनिट लागला असेल. तो अर्धा मिनिट मला अजून आठवतो. खिडकीजवळ बसलेली एक आई मुलाला छातीशी धरून सीटवर उभी होती. कुणाला इजा झाली नाही. पण शिकवायला लागल्यावर मी पहिल्याच तासाला हाच प्रसंग सांगायचे, कारण ज्वाळा जाणं आणि आग जाणं यांतला फरक पुस्तकातल्या आकृतीने तितका ठसत नाही.

हॅलॉन ज्वाळेची रासायनिक साखळी तोडतो आणि त्यात तो पटाईत आहे. गादी, कागद, कपडे पेटू लागले असतील तर आधी तोच हवा, नाहीतर छोट्या आगीची मोठी होते. पण तो सेलला थंड करत नाही. सेलच्या पोटात चाललेली क्रिया बाहेरच्या हवेतल्या प्राणवायूवर फारशी अवलंबून नसते, त्यामुळे वरून वायूचं पांघरूण घातलं तरी आतलं चक्र फिरतच राहतं. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, अटलांटिक सिटीजवळच्या आपल्या तांत्रिक केंद्रात याच्या पुष्कळ चाचण्या केल्या. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: हॅलॉनने ज्वाळा दबते, पण एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणारी उष्णता थांबत नाही. ती थांबवायची तर पाणी. २००९ साली त्यांनी विमान कंपन्यांना दिलेल्या सुरक्षा सूचनेत हाच क्रम होता. आधी हॅलॉन, लगेच पाणी किंवा अल्कोहोल नसलेला कुठलाही द्रव. म्हणजे गॅलीतला, विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातला ज्यूस, सोडा, जे हाताला लागेल ते चालतं.

किती पाणी लागतं, याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडत असे. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या. आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७, म्हणजे ती झाली ७४ वॉट-अवरची. पूर्ण चार्ज असेल तर साधारण २६६ किलोज्यूल ऊर्जा. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात, आणि वाफ व्हायला त्याच्या जवळपास सातपट आणखी. म्हणजे कागदावर एक लिटरही पुरतं. प्रत्यक्षात द्रावण जळल्याची उष्णता वेगळी, आणि ओतलेलं निम्म्याहून जास्त पाणी कार्पेटवर वाहून जातं. म्हणून मी सांगायचे, तीन-चार लिटर हाताशी असल्याशिवाय सुरुवात केली असं समजू नका, आणि ओततानाही एकदम फेकू नका. सलग, जवळून, वस्तूवरच पडेल असं ओता. सीटच्या विजेवर पाणी पडेल ही भीती अनेकांना वाटते, ती योग्य आहे. म्हणूनच उपकरण प्लगला लावलेलं असेल तर ते काढतात आणि त्या भागातल्या सीटची वीज गॅलीतल्या स्विचने बंद करतात.

बर्फ मात्र नाही. दरवर्षी एखादा तरी प्रशिक्षणार्थी बर्फाच्या ड्रॉवरकडे धावायचाच. थंड करायचंय तर सगळ्यात थंड वस्तू, हा विचार साहजिक आहे. पण बर्फाचे खडे वस्तूवर बसले की ते तिला झाकून टाकतात, आणि सेलच्या सगळ्या अंगाला भिडून उष्णता ओढून नेणारं पाणी तिथे नसतं. आतली उष्णता आतच कोंडते. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळणंही तितकंच चुकीचं.

आता ती वस्तू टॉयलेटमध्ये का नेली नाही. सेल फुटतो तेव्हा तापलेले तुकडे पिचकारीसारखे उडतात. जो हात ती वस्तू धरेल त्याला भाजेल, हे तर झालंच. पण अरुंद वाटेने तीस माणसांच्या खांद्याला खांदा घासत ती नेताना मध्येच दुसरा सेल गेला तर? हातातून पडेल, एखाद्याच्या मांडीवर पडेल, आणि एका जागी असलेली आग तीन ठिकाणी होईल. म्हणून नियम असा की जिथे आहे तिथेच थंड करा आणि माणसं हलवा. माणसं चालू शकतात आणि फुटत नाहीत, असं मी मुलांना सांगायचे. २०१७ च्या फेब्रुवारीत बीजिंगहून मेलबर्नला जाणाऱ्या विमानात एका प्रवासी बाईच्या कानावरच हेडफोनची बॅटरी फुटली. तिने ते ओढून जमिनीवर टाकले, आणि क्रूने तिथेच त्यावर बादलीभर पाणी ओतलं. बॅटरी वितळून जमिनीला चिकटली होती. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने तिचा काळवंडलेला चेहरा आणि भाजलेले हात दाखवणारी छायाचित्रं प्रसिद्ध केली होती. मांडीवर किंवा कानाला असलेली वस्तू जमिनीवर टाकणं एवढाच काय तो अपवाद. त्यापुढचं हलवणं नको.

टॉयलेटबद्दल आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या पेशाच्या आठवणीत खोल रुतलेलं आहे. डोळ्याआड गेलेली आग. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या फ्लाइट ७९७ च्या मागच्या टॉयलेटमधून धूर आला. त्यात बॅटरीचा संबंध नव्हता, पण आग नक्की कुठे आहे हे सापडलं नाही. ती पॅनेलमागे वाढत राहिली. विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरलं, दारं उघडली, बाहेरची हवा आत आली आणि साधारण दीड मिनिटाच्या आत सगळी केबिन भडकली. ४६ जणांपैकी २३ गेले. तेव्हापासून क्रूला शिकवतात की आग नजरेसमोर ठेवा. बंद खोलीत, कागदाच्या कचरापेटीशेजारी पेटती बॅटरी ठेवून दार लावणं याच्या अगदी उलट होईल.

थंड झाल्यावर मात्र हलवतात. पाणी ओतून झालं, धूर थांबला, दहा-पंधरा मिनिटं गेली आणि उष्णतेची खूण उरली नाही, की जाड हातमोजे घालून ती वस्तू पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात पूर्ण बुडवतात. गॅलीतले खणासारखे जे डबे असतात, ते यासाठी उत्तम. तो डबा मॅन्युअल सांगेल तिथे, सांडणार नाही असा बांधून ठेवतात आणि विमान उतरेपर्यंत कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून असतं. काही कंपन्या यासाठी अग्निरोधक पिशवी देतात. माझं मत विचाराल तर पिशवी शेवटच्या टप्प्यासाठी ठीक. पिशवी हाताशी आहे म्हणून जळती बॅटरी घाईने उचलून तिच्यात कोंबणं मी कधीच शिकवलं नाही.

तुम्हाला धावपळ वाटली, त्यात तीन वेगळी कामं चालू होती. एक जण आग विझवतो. दुसरा इंटरफोनवर कॉकपिटशी बोलतो: कुठल्या रांगेत, काय पेटलंय, धुराचा रंग कसा, किती सिलिंडर वापरले. तिसरा पाणी, हातमोजे, दुसरा सिलिंडर पुरवतो आणि प्रवाशांना हलवतो. आग विझवणाऱ्याने डोक्यावर घातलेला स्मोक हूड साधारण पंधरा मिनिटं श्वासाची हवा देतो. त्यातून आवाज दबून येतो, म्हणून क्रू हाताच्या खुणा करताना दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते भांबावल्यासारखं वाटू शकतं. छतातले ऑक्सिजन मास्क पाडले नाहीत म्हणून काही जण नंतर तक्रार करतात. ते मास्क केबिनमधलीच हवा मिसळून देतात, म्हणजे धूर नाकात जाणारच, आणि आगीच्या आसपास जादा ऑक्सिजन नको असतो. खाली वाकून ओला कपडा नाकातोंडावर धरणं जास्त उपयोगी. केबिनमधली हवा एरवीही दर दोन-तीन मिनिटांनी बदलत असते, त्यामुळे उगम थंड झाला की धूर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लवकर विरतो.

विमान वळवायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो, आणि इथे खरंच परिस्थितीवर पुष्कळ अवलंबून असतं. एक फोन, मोकळ्या वाटेत, दोन मिनिटांत थंड झालेला, मुक्काम पंचवीस मिनिटांवर, तर कदाचित पुढेच जाणं सर्वात लवकर उतरणं असेल. समुद्रावर तीन तास आहेत आणि धूर कुठून येतोय हेच नक्की नाही, तर जवळचा विमानतळ गाठायलाच हवा. क्रू चौघांचा आहे की बारा जणांचा, सिलिंडर किती उरले, धुराचा त्रास कुणाला झालाय, हे सगळं त्यात येतं. तुमचं विमान वळवलं नाही याचा अर्थ कुणी हलक्यात घेतलं असा होत नाही.

सीटमध्ये अडकलेला फोन हा वेगळा प्रकार. फोन फटीत घसरला की माणूस सीट मागेपुढे करून तो काढू पाहतो, आणि तिथली यंत्रणा फोनला सुपारी कातरावी तशी चिरडते. पडदा फाटायला याहून सोपा मार्ग नाही. फोन फटीत गेला तर सीट जराही हलवू नका, बटण दाबा. आम्ही प्रवाशाला उठवून, टॉर्च घेऊन, हाताने शोधतो. रात्री अडीच वाजता गुडघ्यांवर बसून मी असे कितीतरी फोन काढलेत आणि एकदाही त्या कामाचा कंटाळा केला नाही.

डोक्यावरच्या कप्प्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण गेल्या काही काळात नियम बदलले ते त्यामुळेच. पायाशी पेटलेली वस्तू दोन-चार सेकंदांत दिसते. कप्प्यात, तीन बॅगा आणि एका जाड जॅकेटच्या आड, ती कळते तेव्हा आजूबाजूचं सामानही पेटलेलं असतं. ते सामान डोक्याच्या वर, हात वर करूनच पोहोचावं लागणारं, आणि कप्प्याचं झाकण उघडताच हवा आत जाणार. म्हणून झाकण आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपतात, सिलिंडरचं तोंड जाईल एवढंच किलकिलं करतात, हॅलॉन मारून बंद करतात, आणि मग पाण्याची तयारी झाल्यावर उघडतात. ही सगळी कसरत पायाशी पेटलेल्या पॉवर बँकेच्या वेळी लागत नाही.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या एअरबस ए३२१ मध्ये उड्डाणाआधीच मागच्या भागातल्या वरच्या कप्प्यात आग लागली. १७६ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले, सगळे वाचले. विमानाचं छत मात्र जळून गेलं. तपासात पॉवर बँकेच्या आतलं विद्युतरोधन निकामी झालं असावं असा अंदाज पुढे आला. हे जमिनीवर घडलं, आकाशात असतं तर काय, हा विचार मी आजही टाळू शकत नाही. कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली, ती प्रवाशाच्या जवळच हवी. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने किंवा पॉवर बँकेला चार्जिंग बंद केलं, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापरच बंद केला. त्याच महिन्यात, १८ तारखेला, हांग्झोहून इंचॉनला निघालेल्या एअर चायनाच्या विमानात वरच्या कप्प्यातल्या बॅगेतली बॅटरी पेटली आणि विमान शांघायला उतरवावं लागलं. तेव्हा क्रू 'वरून काढून जवळ ठेवा' म्हणाला तर तो तुम्हाला त्रास द्यायला म्हणत नाही.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बॅटरी केबिनमध्ये हवी, कारण तिथे माणसं आहेत. नाक आहे, डोळे आहेत, पाणी आहे. प्रवासी विमानाच्या सामानकक्षातही आग दाबण्याची यंत्रणा असते, पण ती हॅलॉनचीच, आणि हॅलॉनची मर्यादा वर सांगितली. २०१७ साली एफएएने एक चाचणी केली. सूटकेसमध्ये पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप, त्याला लागून कोरड्या शॅम्पूचा फवारा-डबा, आणि लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवली. ४० सेकंदांत डब्याचा स्फोट झाला. आग इतक्या झटक्यात वाढते की यंत्रणेतला वायू पुरेसा पसरायच्या आधीच नुकसान होऊन गेलेलं असतं. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ अशाच आगीत गेलं. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, कॉकपिट धुराने इतकं भरलं की वैमानिकांना समोरची यंत्रं दिसेनात. दोघंही गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेणं आंतरराष्ट्रीय नियमांनी बंद केलं, आणि मालवाहू विमानात त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज असू नयेत असं ठरवलं. चार्ज कमी तर भडका कमी, हे घरच्या पॉवर बँकेलाही लागू आहे.

म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका फक्त हातसामानात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची मंजुरी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात, त्यापुढे नाहीच. वर फक्त एमएएच छापलं असेल तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. जिथे हमखास चूक होते ती जागा वेगळीच आहे. विमान भरलेलं असतं, दाराशी तुमची केबिन बॅग घेऊन खाली पाठवतात, आणि पॉवर बँक तिच्यातच राहते. त्या क्षणी आठवणीने काढून घ्या. बंद खोक्यात, किल्ल्या-नाण्यांपासून दूर, टोकांवर चिकटपट्टी लावून. फुगलेली, तडकलेली, एकदा पाण्यात पडलेली बॅटरी विमानात आणूच नका.

आता तो वास. बॅटरीचं द्रावण बाहेर पडू लागलं की तसाच गोडसर, विरघळवणाऱ्या द्रवासारखा वास येतो, कधी सोबत बारीक फुस्स आवाज. म्हणजे तुमच्या नाकाने आग लागण्याच्या पाच-सात मिनिटं आधी ती ओळखली होती. त्या मिनिटांत क्रूला कळलं असतं तर बॅग शोधून, पाणी भरून ठेवून, शेजारच्या रांगा रिकाम्या करून, सगळं ज्वाळेच्या आधी झालं असतं. तुम्हाला बोल लावायचा नाही, तो वास ओळखता येतो हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांत 'काहीतरी वास येतोय' म्हणून आलेल्या हाकांपैकी बहुतेक काहीच नसायचं. ओव्हन असायचा, कुणाचं अत्तर असायचं. त्यातल्या एकाही प्रवाशाचा मला राग आला नाही, आणि मी शिकवलेल्या कुणाला येऊ नये यासाठी मी झटले. बटण दाबून मिनिटभरात कुणी आलं नाही तर सीटबेल्टचा दिवा लागलेला असला तरी ओरडून सांगा: रांग कोणती, वास कुठून. ती बॅग शोधायचं काम आमच्यावर सोडा.